सारवलेली बाग

आमच्या गावाला आंब्याची बाग सारवायची बुद्धी झाली ती माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकते. लपवायचं ते एकदा लपवून झालं आहे, आता पुन्हा तो खटाटोप नको.

१९८७ साल होतं. मी अंधेरीला, मरोळच्या बाजूला एका शेडमध्ये कामाला होते. शेड म्हणजे वर पत्रे, आत लांबच लांब टेबलं आणि टेबलांच्या दोन्ही अंगांना आम्ही तीसेक बायका. परदेशी जाणारं फळ आमच्या हातांखालून जायचं. डाग असला की बाजूला, देठ मोडला की बाजूला, वजनाला कमी भरलं की बाजूला. उरलेलं एकेक फळ कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचं. विमानतळ जवळच, त्यामुळे डोक्यावरून सारखी विमानं जायची आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. माझा आवाज मोठा झाला तो तिथे, असं मी सांगते. घरचे म्हणतात तो आधीपासूनच होता.

घर दहिसरला, नदीच्या बाजूच्या चाळीत. नवरा, दशरथ, गिरणीत होता. संप संपल्यावर गिरणी सुरू झाली, पण ती त्यांच्यासाठी नाही. मग चाळीपासून दहा मिनिटांवर एक टॉवर उठत होता तिथे ते सिमेंटच्या गोणी राखायला बसायचे. माणूस मुळात कमी बोलणारा, गिरणी गेल्यावर तर आणखीनच गप्प झालेला.

आमच्या सुपरवायझरचं नाव जयवंत. वयाने माझ्याहून लहान, पण हातात वही असली की माणूस मोठा होतो. एकदा आलेला माल वाईट होता, आणि तो आम्हा बायकांवरच डाफरायला लागला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “हा काय हापूस आहे? आमच्या गावचा बघा एकदा. देवगडच्या अलीकडे, मधली वाडी. अकरा घरं आहेत आणि एकेकाची बाग अशी आहे की तुमच्या त्या लंडनवाल्याने नाव काढलं पाहिजे.” बढाई मारायची मला सवय आहे. बहुतेक वेळा त्यातून काही होत नाही. या वेळी झालं.

जयवंतने शेटला सांगितलं, शेटने लंडनच्या माणसाला. मार्च महिन्यात तो गोरा साहेब जीपमध्ये बसून जयवंतबरोबर आमच्या वाडीत जाऊन आला. माझा धाकटा भाऊ लवू वाडीत पुढाकार घेणारा, त्याच्याच खळ्यात सगळ्यांची बैठक झाली. शेटचा निरोप सरळ होता. माल साहेबाला पसंत पडला तर अकरा घरांचा सगळा आंबा दर वर्षी शेट उचलणार. मात्र एवढ्या झाडांनी त्याचं भागायचं नाही, झाडं वाढवायला हवीत. झाडं वाढवायची तर जागा एकच होती, भरड. घरांच्या वरच्या अंगाला, पावसावर पिकणारं आमचं भाताचं शेत. वाडीची चूल वर्षभर त्या भरडीवर पेटायची. तिथे खड्डे मारून कलमं लावली की भात संपलं, आणि कलमाला फळ धरायला सहा वर्षं.

वाडीने देवीला कौल लावला. पाकळी उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार, तरी म्हाताऱ्यांचं समाधान होईना. पुन्हा लावला, पुन्हा उजवी. शेवटी असं ठरलं की साहेब मे महिन्यात जो नमुना कापून बघेल तोच कौल मानायचा. पास झाला तर भरडीत खड्डे, नापास झाला तर नेहमीसारखं भात पेरायचं.

हे सगळं मला लवूच्या बायकोच्या, वसुधाच्या पत्रातून कळलं. वसुधा पत्र छान लिहिते, बारीकसारीक काही सोडत नाही. तिने लिहिलं होतं, ‘साहेब यायचे म्हणून आम्ही अकरा घरच्या बायकांनी मिळून सगळ्या बागा सारवल्या. झाडांखालचं गवत, वाळलेला पातेरा सगळा काढला, जमीन चोपून घेतली आणि अंगणासारखी शेणाने सारवली. रांगोळीच काय ती बाकी होती. साहेबांनी खाली वाकून हात लावून बघितला. आता आंबे उतरेपर्यंत दर आठवड्याला सारवायचं ठरलं आहे.’

पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे अंगण सारवतात. इतका मोठा पाहुणा येणार म्हणून त्यांनी बाग सारवली. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, हसले, शेजारच्या रत्नप्रभालाही वाचून दाखवलं. आणि भांडी घासता घासता माझा हात थांबला.

बाबांची आठवण झाली. बाबा गेले तेव्हा लवू नऊ वर्षांचा होता, त्याला काय आठवणार? मी मोठी. आंबे राखायला बाबांबरोबर मीच जायचे. कलमाखालच्या गवताला बाबा फळ उतरेपर्यंत विळा लावू देत नसत. आमची जमीन म्हणजे कातळ, वर जेमतेम वीतभर माती. बाबा म्हणायचे, गवत गेलं की दगड तापतो, आणि त्याची झळ खालून फळात शिरते. मग आंब्यात साका धरतो.

साका ज्याने बघितला नाही त्याला सांगते. आंबा बाहेरून अगदी देखणा असतो, रंग, वास, सगळं जिथल्या तिथे. कापला की आत कोयीच्या बाजूला पांढरट, भुसभुशीत, आंबट गोळा. बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. शेडमधल्या आम्ही तीस बायका दिवसभर आंबेच हाताळायचो, आम्हालाही कळायचा नाही. गावाला त्याचं काही वाटत नसे. पेटीत चार तरी साके निघायचेच. तेवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेला खायचा. पण लंडनचा माणूस कापून टाकून खाणारा नव्हता, हे मला शेडमध्ये राहून चांगलं माहीत झालं होतं.

त्याच दिवशी मी लवूला पत्र टाकलं, झाडांखाली गवत नाहीतर पेंढा पसर, सारवणं बंद कर. उत्तर आलं नाही. एप्रिल सगळा मी असा काढला की कुणी हाक मारली तरी दचकायचे. शेडमध्ये कुठलाही आंबा कापला की मी आधी कोय बघायचे. रत्नप्रभा म्हणायची, “तुला झालंय काय? आंबा आहे तो, बॉम्ब नाही.”

मेच्या पहिल्या आठवड्यात लवू स्वतःच आला. एस्टीने बोरिवलीपर्यंत, तिथून टॅक्सीने, दोन पेट्या घेऊन. त्याला टॅक्सीतून उतरताना बघून मला जरा हसूच आलं. आमच्या घरात कुणी टॅक्सीने येत नसे.

“बाय, ही पेटी सायबाची,” त्याने पेट्या खाटेजवळ ठेवल्या. “अकरा घरांचे मिळून दोन डझन आसत. आणि ही तुमका खावक. आपल्या विहिरीकडच्या झाडाचे.”

“साहेबाची पेटी शेडवर न्यायची ना?”

“नाय गो. थय पावडर घालून पिकवतत, जयवंतान सांगल्यान माका. हे हंय तुझ्या खाटेखाली पेंढ्यात पिकांदेत. पिकले की तूच घेवन जा. तुझ्यावर सगळ्यांचो इस्वास आसा.”

मी त्याला चहा दिला आणि विचारलं, “माझं पत्र मिळालं होतं का?”

“गावला.”

“मग?”

“मगे काय? गवात होता ता शेताच्या भाजावळीत जळला. आता काय पसरू? आणि बाय, सायबान आमच्या बागेचो फोटो काढल्यान. लंडनच्या दुकानात लावतलो म्हणता. तू हंय बसान भियाच नको.”

तो एवढा खूश होता की मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. लवू लहानपणापासून दबकून राहिलेला मुलगा. बाप नसलेल्या घरातला, दुसऱ्यांच्या खळ्यात कोपऱ्यात बसणारा. आणि आता अकरा घरं त्याच्या शब्दावर चालत होती. तो शब्द तरी त्याचा कुठे होता? माझाच होता, मी शेडमध्ये ओरडून बोललेला.

विहिरीकडच्या झाडाचं मी विचारलं. तो म्हणाला, तिथली जमीन सारवूनही टिकली नाही. बायका धुणं धुतात, सगळी ओल, चार दिवसांत पुन्हा गवत आलं, मग सोडून दिलं. निघताना तो म्हणाला, “नमुनो बघितल्यार तार कर. पास झालो तर ‘पास’ म्हणान. नाय तर ‘भात’ म्हणान. येकच शब्द लिव, पोस्टमास्तराक उगाच गजाली नको.”

तो गेला आणि मी आठ दिवस त्या खाटेवर झोपले, म्हणजे नुसती पडले. खाली दोन पेट्या. वास हळूहळू यायला लागला, आधी पेंढ्याचा, मग आंब्याचा. शेजारी पाजारी येता जाता म्हणायचे, काय मजा आहे बुवा तुमची. मी हो हो म्हणायचे आणि खाटेवरची चादर खालपर्यंत ओढून घ्यायचे.

सहाव्या दिवशी साहेबाच्या पेटीतला एक आंबा जरा आधी पिकला. तो काही साहेबापर्यंत टिकणार नव्हता, असं मी स्वतःला समजावलं आणि कापला. कोयीशी पांढरा गोळा.

दुसरा कापला. तो बरा निघाला, आणि माझ्या जिवात जीव आला. तिसरा कापला. त्यात पहिल्यापेक्षा मोठा साका होता.

दशरथ कामावरून आले तेव्हा मी ताटात तीन आंबे मांडून बसले होते. त्यांनी बघितलं, हातपाय धुतले, येऊन समोर बसले.

“आता?” मी म्हटलं.

“आता काय? आहे तशी पेटी ने. साहेब कापेल, नको म्हणेल. तुझे गाववाले भात पेरतील.” त्यांनी बऱ्या आंब्याची एक फोड उचलली. “दर वर्षी पेरतात तेच पेरतील. काय बिघडलं?”

“लवूचं नाक कापलं जाईल.”

“नाकाने भात खातात का?”

मला संताप आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा आला, पण तेव्हा मला ते कळलं नाही. मी म्हटलं, “तुमची गिरणी गेली म्हणून आता कुणाचंच काही चांगलं होऊ नये असं वाटतं का तुम्हाला?”

ते वाक्य मी बोलले. आज इतक्या वर्षांनीही ते मला मागे घ्यावंसं वाटतं. दशरथांनी हातातली फोड ताटात ठेवली. मग म्हणाले, “आम्हालाही वाटायचं, आपल्यावाचून गिरणीतले साचे चालायचे नाहीत. एवढंच म्हणतोय.” आणि उठून बाहेर गॅलरीत गेले.

मी विहिरीकडची पेटी ओढली. त्यातले दोन आंबे कापले, दोन्ही आत केशरी, एकसारखे. मग मी साहेबाच्या पेटीतले उरलेले एकवीस आंबे काढून पेंढ्यावर ठेवले, आणि आमच्या पेटीतले चोवीस निवडून त्यात रचले. प्रत्येक घराने आपापल्या आंब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधल्या होत्या. त्या चिठ्ठ्या सोडून या आंब्यांना बांधल्या. गाठी बसत नव्हत्या, पुन्हा पुन्हा सोडून बांधल्या. शिवदासकाकांची चिठ्ठी, विमलाकाकूची चिठ्ठी. शिवदासकाका पाऊणशे वर्षांचे आहेत, त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली होती, मोडकं अक्षर, लांबलचक वेलांट्या. ती बांधताना मला वाटलं, थांबावं. थांबले नाही. मनाशी म्हटलं, सगळ्यांचेच काही साके नसतील. नमुना पास होऊ दे, पुढच्या वर्षी मी स्वतः गावी जाऊन गवत राखायला सांगेन. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती चटकन हिशेब जमतात.

काढून ठेवलेले एकवीस आम्ही पुढच्या चार दिवसांत घरातच खाल्ले. दशरथ खाऊन झालेल्या कोयी खिडकीत ठेवायचे, दोन वेगळ्या ओळींत. चौथ्या दिवशी साक्याच्या ओळीत बारा होत्या आणि दुसरीत नऊ. मीच त्या कोयी गोळा करून फेकून दिल्या.

नमुन्याच्या दिवशी साहेब शेडच्या ऑफिसात बसला होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल. शेट बाजूला. जयवंतने माझ्या पेटीतून सहा आंबे निवडले आणि टेबलावर कापायला घेतले. मला दाराशी उभं राहायला सांगितलं होतं. विहिरीकडचे होते म्हणून काय झालं? साका बाहेरून कळत नाही, हे माझ्याइतकं तिथे कुणाला माहीत होतं? प्रत्येक वेळी सुरी आत गेली की मी डोळे मिटत होते. पहिला, दुसरा, तिसरा. जयवंत म्हणाला, “झकास.” सहाच्या सहा स्वच्छ निघाले. साहेबाने एक फोड तोंडात टाकली, चिठ्ठीवरच्या मोडक्या अक्षराकडे बघितलं आणि शेटला काहीतरी विचारलं. शेट हसून माझ्याकडे बघून म्हणाला, “साहेब विचारतात, शेतकऱ्यांची नावं का लिहिली? आम्हाला तर कधी कुणी नाव कळवत नाही.”

मी जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन तार केली. एकच शब्द. पास.

मेच्या मध्यावर वाडीचा माल ट्रकने शेडवर आला. चार दिवस मी तो माझ्याच टेबलावर घेतला. एकेक फळ हातात धरून बघायचे, जणू बघून काही कळणार होतं. खोकी भरली गेली, पट्ट्या मारल्या गेल्या, गाडी विमानतळाकडे गेली. त्या रात्री मला झोप लागली, कारण आता माझ्या हातात काही नव्हतं.

वसुधाचं पत्र आलं. ‘आजवर तीनशे चाळीस खड्डे मारून झाले. पुरुष माणसं, बायका, सगळे भरडीत. नर्सरीतून कलमांचा ट्रक येऊन पडला आहे. शिवदासकाका दोन दिवस हटून बसले होते, माझा वाफा तरी सोडा म्हणत होते. मग तुमच्या भावांनी त्यांना तार दाखवली. बियाण्याचं भात होतं ते सगळ्यांनी कांडून घेतलं, ठेवून करायचं काय.’

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मिरगाला दोन-तीन दिवस असताना, जयवंत माझ्या टेबलाशी आला. या वेळी तो ओरडला नाही, म्हणूनच मला समजलं. “सुगंधाताई, तुमच्या गावाने आमची पार वाट लावली. टेलेक्स आलाय. निम्म्याहून जास्त माल साका. दुकानांतून परत घ्यावा लागला, सगळा फेकला.” मग इकडेतिकडे बघून म्हणाला, “शेट म्हणालेत, गावाला इतक्यात काही कळवायचं नाही. बाकीच्या गावांचा माल येतोय, सीझन संपू दे. तुम्ही पण गप्प राहा. नोकरी आहे तुमची.”

मला गप्प राहायला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी पोस्टात गेले. तारेचा फॉर्म घेतला, पत्ता लिहिला, आणि खाली ‘भात’ लिहिलं. कारकुनाने शब्द मोजायला पेन्सिल उचलली आणि विचारलं, “एवढंच?” मी त्याच्याकडे बघत राहिले. लवूला ही तार मिळेल, तो अकरा घरांना काय सांगेल? पास म्हणणारी बाय आता भात का म्हणते? त्या एका शब्दामागून मला सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, “राहू दे, पत्रच लिहिते,” आणि फॉर्म चुरगाळून पिशवीत टाकला. पत्र लिहिलं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज लिहू. मिरग निघाला, आर्द्रा लागल्या. दशरथ एकदा म्हणाले, “कळवलंस का?” मी म्हटलं, “कळवते.” त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी लवू दारात उभा. या वेळी टॅक्सी नव्हती. छत्री गळत होती, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. शेटचं पत्र त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. ‘माल सदोष निघाल्याने यापुढे आपल्या वाडीचा आंबा घेता येणार नाही.’

“लबाड आसा तो शेट,” लवू बसलाही नाही. “सायबान सोताच्या हातान नमुनो घेतल्यान, पास केल्यान. अकरा घरांचो नमुनो. आणि आता म्हणता साका. माल ह्यांनीच खय तापवलो आसतलो. बाय, तू चल माझ्यावांगडा. तू सांग त्येंका, तुझ्या खाटेखाली पिकलो, तूच घेवन गेलंस. तुझ्यासमोर तो खोटा बोलूचो नाय.”

मी म्हटलं, आधी दोन घास खा. तो म्हणाला, येऊन खातो. दशरथ कामावर गेलेले होते. मी साडी बदलली आणि निघाले. वाटेत दोन वेळा तोंड उघडलं. पहिल्या वेळी तो म्हणाला, “तू भिया नको, मी बोलतंय.” दुसऱ्या वेळी मी नुसतंच “लवू” म्हटलं, आणि त्याने इतक्या विश्वासाने माझ्याकडे बघितलं की मी पुढे फक्त छत्री नीट धर एवढंच म्हटलं.

ऑफिसात शेट फोनवर होता. जयवंत वही घेऊन बाजूला. लवूने हात जोडले, मग सरळ उभा राहून बोलला, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. “शेट, ही माझी मोठी बहीण. तुमच्याकडे कामाला आहे. नमुना हिने आणला. साहेबांनी कापला, सहाच्या सहा चांगले. अकरा घरांची नावं होती त्याच्यावर. मग त्याच झाडांचे आंबे खराब कसे? तुम्ही हिला विचारा.”

शेटने फोनवर हात ठेवला. जयवंत माझ्याकडे बघत होता. वरून विमान गेलं, आणि ते जाईपर्यंत कुणालाच बोलता येत नव्हतं. तेवढा वेळ मला मिळाला. खोटं बोलायला तो पुरेसा होता. मी बोलले असते तर शेट वरमला असता की नाही देव जाणे, पण लवूने मरेपर्यंत मला जपलं असतं.

“ते त्या झाडांचे नव्हते,” मी म्हटलं. “विहिरीकडचे होते. पेटी मी बदलली. अकरा घरांचे घरी कापले, त्यात साका होता.”

शेट रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही. लवूकडे बघून त्याने खांदे उडवले, जयवंतला म्हणाला, “यांचा हिशेब करून टाक आजच,” म्हणजे माझा, आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला. फोनवर दुसऱ्या कुठल्यातरी गावाच्या मालाची गोष्ट चालली होती.

आम्ही बाहेर आलो. बसस्टॉपवर पत्र्याखाली उभे राहिलो. लवू रस्त्याकडे बघत होता. मी म्हटलं, मला वाटलं होतं पुढच्या वर्षी गवत राखलं की सगळं ठीक होईल. म्हटलं, मला तुझी मान खाली गेलेली बघवली नसती. शेवटी मी म्हटलं, “मला शिव्या तरी दे.”

“तुका कधी कळला, लंडनात साका निघालो म्हणान?”

“मिरगाच्या आधी. दोन-तीन दिवस.”

त्याने मान हलवली, हिशेब करत असल्यासारखी. “मिरगाक सांगलंस आसतंस,” तो म्हणाला, “तरी चलला आसता. खड्डे काय, एका दिसात बुजवले आसते. बियाणा मागून हाडला आसता पलीकडच्या वाडीतसून. भाताचो तरवो पेरलो आसतो. आता लोक लावणी करतत, बाय. आता काय पेरतलंय?”

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. बोरिवलीची बस आली आणि गेली, लवू तिच्यात चढला नाही. मी म्हटलं, घरी चल, भात टाकते. तो म्हणाला नको, रात्रीची एस्टी आहे, वाडीत सगळे वाट बघतायत.

मग त्याने विचारलं, “तुमच्या रेशन कार्डार नाव चढवूक काय लागता? वसुधा आणि पोरांका हंय धाडतंय म्हणतंय. चार-पाच घरांतली माणसां येतीत आणखी. थय वर्षभर काय खातले?”

मी सांगितलं. अर्ज, घरमालकाची चिठ्ठी. “आणि गावच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला.”

त्याने शेटचं पत्र पिशवीतून काढलं, उलटं केलं, माझ्याकडे पेन मागितलं आणि मी सांगितलेलं सगळं त्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.